मदत हवी आहे : काळ्या रानासाठी जीपला लॉकर घ्यावा की एलएसडी?

नमस्कार मंडळी, शेत मंगळवेढ्याकडं, सगळी काळी कसदार जमीन. परतीचा पाऊस झाला की वापसा यायला आठ-आठ दिवस लागतात, पण गोठ्यावर रोज जावंच लागतं. गाडी जुनी फोर बाय फोर जीप, मागचा डिफरन्शियल (इंजिनचा जोर दोन्ही चाकांत वाटणारा गिअरसंच) साधा. लॉकर म्हणजे दोन्ही चाकं एकत्र जखडून सारखी फिरवणारा, एलएसडी (लिमिटेड स्लिप डिफरन्शियल) म्हणजे एकाच चाकाचं फुकट फिरणं आवरणारा.

परवा बांधाजवळ रुतली. डावं मागचं चाक गरागरा फिरत होतं, उजवं जागचं हललं नाही. टायरच्या खाचा चिखलानं भरून चाक अगदी गुळगुळीत झालेलं. शेवटी ट्रॅक्टरनं ओढली.

आता एकदाच खर्च करायचाय, पण टिकणारा. क्लच प्लेटवाल्या एलएसडीच्या प्लेटा झिजतात, तेलही वेगळं लागतं. गिअरवाल्यात प्लेटा नाहीत, तो टिकेल. पण एक चाक अधांतरी झालं की दुसऱ्याला जोर मिळत नाही, आणि आमच्या चरांत तेच होतं. म्हणून मन लॉकरकडं ओढतंय. हवेवरच्या लॉकरला कॉम्प्रेसर आणि नळ्या आल्या. चिखलात, उसाच्या पाचटात नळी किती दिवस टिकते? आपोआप लागणारा ईटन कंपनीचा मेकॅनिकल लॉकर दोन चाकांच्या वेगात साधारण 100 आरपीएमचा (मिनिटाला 100 फेऱ्यांचा) फरक पडला की लागतो म्हणतात. रोज वापरणाऱ्यांनी सांगा, त्याच्या धक्क्यानं जुने एक्सल तुटतात का?

घरच्यांना घेऊन सोलापूरलाही हीच गाडी जाते, त्यामुळं ओल्या डांबरी रस्त्यावर मागून घसरायला नको. क्राऊन-पिनियनचं (डिफरन्शियलच्या मुख्य गिअरजोडीचं) सेटिंग डायल गेज लावून, म्हणजे बारीक फट मोजून करणारा मिस्त्री सोलापुरात कुठं मिळेल, तेही कळवा.