उपाध्यक्ष कोण घेतला यावरून मतं खरंच फिरतात का?

देवगडचा_बागायतदार
आमच्याकडे ग्रामपंचायतीचं पॅनल ठरताना पहिली चर्चा हीच, वरच्या वाडीतला एक घ्या म्हणजे ती वाडी आपली. अमेरिकेत पण हेच लॉजिक का? अध्यक्षपदाचा उमेदवार आपला उपाध्यक्ष जाहीर करतो तेव्हा टीव्हीवाले चार दिवस तेच दळत बसतात, अमुक राज्यातला घेतला म्हणजे ते राज्य खिशात. खरंच मतं येतात की नुसती हवा?

खाडीपल्याड
क्वचित येतात. सगळे उदाहरण देतात ते १९६० चं, केनेडीने टेक्सासच्या जॉन्सनला बरोबर घेतलं (उमेदवारीसाठी हाच त्याच्या विरोधात होता) आणि टेक्सास साधारण ४६ हजार मतांनी काढलं. जॉन्सन रेल्वेने दक्षिणेत फिरला, केनेडी कॅथलिक म्हणून तिकडच्या प्रोटेस्टंटांत जी धाकधूक होती ती त्याने बरीच सांभाळली.
पण १९८८ बघा. अध्यक्षपदाचा उमेदवार डुकाकिसनेही जोडीला टेक्सासचाच सिनेटर घेतला, बेंटसन. तिथल्या कायद्यामुळे बेंटसन त्याच दिवशी सिनेटलाही उभा होता, तर सिनेटला आरामात निवडून आला आणि उपाध्यक्ष म्हणून त्याच राज्यात पडला!! मतदार तेच, माणूस तोच. उपाध्यक्षपदाच्या उमेदवारांची स्वतःची राज्यं, २००४ ला एडवर्ड्सचं नॉर्थ कॅरोलिना आणि २०१२ ला रायनचं विस्कॉन्सिन, दोन्ही गेली.

सोलकढी_मालवण
आमच्याकडे ह्याच झाला. सरपंच थेट लोकांतसून निवडूक लागल्यापासून आमच्या पॅनलचो मेंबर वाडयेतसून मस्त मतांनी इलो आणि सरपंच त्याच वाडयेत मागे. मेंबराक भावकी मत घालता, सरपंच कोण व्हयो ता लोक वेगळा बघतत.

गुहागर_डेपो
पण एक फरक आहे ना, आपल्याकडे सरपंचाला आणि मेंबरला वेगवेगळं मत देता येतं, तिकडे अध्यक्ष-उपाध्यक्ष जोडीला मिळून एकच मत, त्यामुळे जोडीदार आवडला तरी वरचा नको असेल तर उपयोग शून्य.

देवगडचा_बागायतदार
बरं मग वाईट निवडला तर नुकसान तरी होतं का?

खाडीपल्याड
तेही वाटतं तितकं नाही. १९८८ लाच थोरल्या बुशचा जोडीदार क्वेल, त्याला बेंटसनने टीव्हीवरच्या डिबेटमध्ये धुतला, तरी बुश ४० राज्यं जिंकला. २००८ चं पेलिनचं प्रकरण जरा वेगळं, अध्यक्षपदाचा उमेदवार मॅकेन ७२ वर्षांचा, प्रचार सगळा अनुभवावर, आणि जोडीला ही अलास्काची नवखी गव्हर्नर. सुरुवातीला सभांना गर्दी, पक्षातले कट्टर लोक खूश, मग मुलाखतींत ती अडखळली आणि लोक म्हणायला लागले यांना उद्या काही झालं तर ही? तरी हरण्याचं सगळं खापर तिच्यावर नको, त्याच सप्टेंबरात लेहमन ही मोठी बँक बुडून आर्थिक संकट आलं होतं. माझ्या मते लोक जोडीदाराला मत देत नाहीत, निवडणाऱ्याला अक्कल किती ते बघतात.

गुहागर_डेपो
ट्रम्पच्या जोडीदाराचं, पेन्सचं काय मग? २०१६ ला चर्चवाले ट्रम्पकडे त्याच्यामुळेच गेले म्हणतात.

खाडीपल्याड
थोडा दिलासा मिळाला असेल त्यांना, पण ते मतदार बहुतेक ट्रम्पच्याच पक्षाचे, रिपब्लिकनच होते रे आधीपासून, घरी बसणार होते ते बाहेर पडले इतकंच फारतर.

सोलकढी_मालवण
तिकडे निदान एकच नाव जाहीर करतत. आमच्याकडे उपसरपंच मागाहून मेंबरच निवडतत, म्हणान निवडणुकेआधी ता पद तिघा-चौघांक कबूल केलेला असता 😂