मद्य सोडल्यावर स्मृती किती परत येते?

मद्य सुटले की द्विध्रुवी विकारातील (बायपोलर डिसऑर्डर, म्हणजे उन्माद आणि नैराश्य यांचे झटके येणारा मनोविकार) विसराळूपणाही जाईल, हे मत मला अर्धेच पटते. उन्माद किंवा नैराश्य ओसरून मनःस्थिती स्थिर असतानाही अनेक रुग्णांत शाब्दिक स्मृती, अवधान आणि नियोजनक्षमता काहीशी उणी आढळते; म्हणजे ही उणीव केवळ मद्याची देणगी नव्हे. मद्य तीत भर घालते, आणि बरेचदा झोपेच्या वाटेने: झोप लवकर लागते खरी, पण उत्तररात्री तुटते, आणि अपुरी झोप या विकारात नव्या उन्मादालाही निमित्त ठरू शकते. (दीर्घकाळ पिणाऱ्यांत स्मृतीवर परिणाम करणारी थायमिनची, म्हणजे बी१ जीवनसत्त्वाची, कमतरताही तपासावी.) मद्य थांबवल्यावर काही आठवड्यांत ते महिन्यांत अवधान सुधारू शकते, म्हणून पहिल्याच आठवड्यातील स्मृतिचाचणीवरून निष्कर्ष काढणे मला घाईचे वाटते.