सहा कोटींचा आवळा, एकशेतीस कोटींचा कोहळा

कोलंबसकर

"अमेरिकेत बाकी काही असो, लाच द्यावी लागत नाही," हे वाक्य मी स्वतः गावी फोनवर किती वेळा ऐकवलंय. खोटंही नाही ते. लायसन्सच्या खिडकीवर इथे कुणी चहापाणी मागत नाही. तळमजला स्वच्छ आहे. वरच्या मजल्यावर काय चालतं ते मला ओहायोने शिकवलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. फर्स्टएनर्जी या वीज कंपनीच्या तेव्हाच्या उपकंपनीची दोन अणुवीज केंद्रं तोट्यात होती. कंपनीकडून 'जनरेशन नाऊ' नावाच्या एका ना-नफा संस्थेत सुमारे सहा कोटी डॉलर आले. अशा संस्थेला देणगीदारांची नावं जाहीर करावी लागत नाहीत. त्या पैशावर लॅरी हाउसहोल्डरने २०१८ मध्ये आपले आमदार निवडून आणले, त्यांच्या मतांवर तो ओहायो विधानसभेचा सभापती झाला, आणि जुलै २०१९ मध्ये त्या अणुकेंद्रांना मदत देणारं 'हाउस बिल ६' मंजूर झालं. किंमत सुमारे १३० कोटी डॉलर. भरणार कोण? राज्यातला प्रत्येक वीजग्राहक. शिवाय कोळशाच्या दोन जुन्या केंद्रांनाही अनुदान, त्यातलं एक चक्क शेजारच्या इंडियानात!

सभापतीला २०२३ मध्ये वीस वर्षांची शिक्षा झाली. कंपनीने आधीच, २०२१ मध्ये, कबुली देऊन २३ कोटी डॉलर दंड भरला होता. अणुकेंद्रांची मदत रद्द झाली, कोळशाचा आकार मात्र पुढे कित्येक वर्षं बिलात राहिला.

माझं म्हणणं असं. घटनादुरुस्ती होईल आणि बड्या पैशाला चाप बसेल, या आशेवर बसण्यात अर्थ नाही. त्याला इथल्या संसदेची, म्हणजे काँग्रेसची, दोन्ही सभागृहं दोन तृतीयांश मतांनी आणि वर ३८ राज्यं लागतात. दोन गोष्टी आजही शक्य आहेत: राजकारणावर खर्च करणाऱ्या प्रत्येक संस्थेने देणाऱ्याचं खरं नाव सांगायचं, आणि सामान्य मतदाराच्या हातात उमेदवाराला देण्यापुरता थोडा पैसा ठेवायचा, सिअ‍ॅटलसारखा.

ऑस्टिनचे अण्णा

कोलंबसकर, तुमचीच गोष्ट तुमच्या विरुद्ध जाते. सभापती तुरुंगात गेला ना? आहे त्याच कायद्याने गेला. मग नवे कायदे कशाला?

आणि पैशाने निवडणूक विकत घेता येते, हे एकदाचं सोडा. अब्जाधीश ब्लूमबर्गसाहेबांनी २०२० मध्ये अध्यक्षपदासाठी स्वतःच्या खिशातून सुमारे शंभर कोटी डॉलर ओतले. हाती काय आलं? अमेरिकन सामोआ नावाची इवलीशी बेटं. २०१६ मध्ये जेब बुशच्या पाठीशी दहा कोटींहून मोठा सुपर पॅक (उमेदवारासाठी बाहेरून हवा तेवढा खर्च करणारी संस्था) होता, तो पहिल्या काही राज्यांतच आटोपला. कमला हॅरिस यांनी शंभर कोटींहून जास्त जमवले. पुढे काय झालं ते सांगायला नको.

'सिटिझन्स युनायटेड' (कंपन्यांना निवडणुकीत हवा तेवढा खर्च करू देणारा सुप्रीम कोर्टाचा निकाल) म्हटलं की सगळे कपाळाला हात लावतात, पण खटला कशावरून होता? हिलरी क्लिंटन यांच्यावर टीका करणारी एक फिल्म निवडणुकीच्या तोंडावर दाखवू दिली नाही यावरून. सुनावणीत सरकारी वकिलाला विचारलं, मग या न्यायाने कंपनीच्या पैशाने छापलेलं पुस्तकही अडवाल का? तो म्हणाला, होय, अडवता येईल. मी आणीबाणीत शाळेत होतो. कोण किती बोलेल हे सरकारने ठरवायचं म्हटलं की मला घाम फुटतो.

कोलंबसकर

अण्णा, निकालाचा दुसरा भागही वाचा की! जानेवारी २०१० मध्ये खर्चावरची बंदी ५ विरुद्ध ४ ने उठली, पण देणाऱ्याची नावं उघड करण्याची अट त्याच निकालात ८ विरुद्ध १ ने टिकली. न्यायमूर्ती केनेडींचा युक्तिवादच असा होता की पैसा मोकळा सोडा, लोकांना नावं दिसतील, ते ठरवतील. पैसा मोकळा सुटला. नावं कुठायत?

'आहे त्याच कायद्याने पकडला' म्हणता, ते कसं तेही पाहा. 'हाउस बिल ६' विरुद्ध सार्वमत घ्या म्हणून सह्यांची मोहीम चालू होती. तिथल्या एका माणसाला आतली माहिती फोडण्यासाठी पंधरा हजार डॉलर देऊ केले गेले. तो थेट एफबीआयकडे गेला आणि अंगावर रेकॉर्डर लावून परत आला. तो गेला नसता तर? अटकेनंतरही नोव्हेंबर २०२० मध्ये हाउसहोल्डर निवडून आलाच होता.

आणि ब्लूमबर्गचं उदाहरण अध्यक्षपदाचं आहे. तिथे टीव्हीवर फुकट इतकं दिसतं की पैशाचा जोर कमी पडतो. आमदारकीच्या प्राथमिक फेरीत कोण उभा आहे हे शेजाऱ्यालाही ठाऊक नसतं. तिथे चार पत्रकं आणि एक जाहिरात पुरते. आमदार हा फार स्वस्त माल आहे.

हिशेबनीस

तुम्ही दोघं देणगीवर भांडताय, आणि तिकडे कोर्टाने लाच या शब्दाचाच अर्थ आखडून ठेवलाय.

व्हर्जिनियाचे गव्हर्नर बॉब मॅकडॉनल. एका व्यावसायिकाकडून रोलेक्स घड्याळ, कर्ज, मुलीच्या लग्नाचा खर्च, सगळं मिळून पावणेदोन लाख डॉलरच्या घरात. बदल्यात अधिकाऱ्यांशी गाठीभेटी घालून दिल्या. शिक्षा झाली, आणि २०१६ मध्ये सुप्रीम कोर्टाने एकमताने ती रद्द केली. नुसती भेट घालून देणं हे 'अधिकृत कृत्य' नव्हे, म्हणे.

मग २०२४ चा स्नायडर खटला. इंडियानातल्या पोर्टेज गावाचा महापौर. गावाने एका कंपनीकडून अकरा लाखांच्या वर डॉलरचे कचरागाडे घेतले, नंतर कंपनीने महापौरांना तेरा हजारांचा चेक दिला. कोर्टाने ६ विरुद्ध ३ ने सांगितलं की त्या केंद्रीय कायद्यात आधी ठरवून घेतलेली लाच येते, नंतर दिलेलं बक्षीस येत नाही. थोडक्यात, कामाआधी पाकीट दिलं तर गुन्हा, कामानंतर पेढे दिले तर राज्याने आणि गावाने आपापलं बघावं.

मेनेंडेझ यांच्यासारखा सिनेटर घरात सोन्याच्या विटा ठेवतो, तेव्हा अकरा वर्षांची शिक्षा होते. पण विटा ठेवण्याइतका बावळटपणा किती जण करतील?

रेनकोट

सिअ‍ॅटलचं नाव निघालंय म्हणून लिहिते. (सिअ‍ॅटल म्हणजे शहर. शेजारच्या बेलव्ह्यू-रेडमंडवाल्या मंडळींनी 'आम्हाला का नाही आलं' विचारू नये.)

२०१५ च्या सार्वमतातून ही योजना आली, २०१७ पासून चालू आहे. शहराच्या निवडणुकीच्या वर्षी टपालाने पंचवीस-पंचवीस डॉलरची चार कुपनं येतात. आवडत्या उमेदवाराचं नाव लिहून सही करायची. ग्रीन कार्डवाल्यालाही मिळतात. मला मत नाही, पण उमेदवार माझ्या दारात येऊन दहा मिनिटं बोलली. का, तर माझ्याकडे शंभर डॉलर आहेत! घरभाड्याबद्दल तिने ऐकून घेतलं. पूर्वी अशा दहा मिनिटांसाठी फंडरेझरचं, म्हणजे देणग्या गोळा करायच्या कार्यक्रमाचं, तिकीट काढायला लागायचं.

आता दुसरी बाजू, कारण मी योजनेची प्रचारक नाही. कुपनं वापरणारे दहा टक्क्यांच्याही आत. माझ्या नवऱ्याची फ्रिजवर चुंबकाखाली वाळली. आणि बाहेरचा पैसा थांबला नाहीच. २०१९ मध्ये अ‍ॅमेझॉनने नगरपरिषदेच्या निवडणुकीसाठी व्यापारी मंडळाच्या पॅकला सुमारे पंधरा लाख डॉलर दिले. लोक इतके चिडले की त्यांचे बहुतेक उमेदवार पडले आणि मुंबईत वाढलेल्या क्षमा सावंत पुन्हा निवडून आल्या. अण्णा म्हणतील, पाहा, पैसा हरला. कोलंबसकर म्हणतील, नावं उघड होती म्हणून हरला. मला दोन्ही पटतं, काय करू?

ऑस्टिनचे अण्णा

पैसा हरला :)

पण ताई, ते शंभर डॉलर आकाशातून पडत नाहीत. घरपट्टीतून जातात. म्हणजे ज्याचं तोंड बघवत नाही अशा उमेदवाराची पत्रकंही माझ्याच पैशाने छापायची? टॅक्सच्या फॉर्मवर तो तीन डॉलरचा चौकोन असतो ना, अध्यक्षीय निवडणुकीसाठीचा? खूण केली तरी कर एक सेंटही वाढत नाही. एके काळी चौथा हिस्सा लोक खूण करायचे, आता शंभरात पाचही नाहीत. आणि मुख्य निवडणुकीत तो निधी नाकारून जास्त पैसा जमवायला गेलेले पहिले मोठ्या पक्षाचे उमेदवार कोण? २००८ मध्ये ओबामा. सुधारणावाद्यांचे लाडके.

गावठाण

सांगलीतून वाचतोय. नावं उघड करा म्हणताय म्हणून राहवलं नाही. आमच्याकडे १५ फेब्रुवारी २०२४ ला सुप्रीम कोर्टाने निवडणूक रोखे रद्द केले, सरन्यायाधीश चंद्रचूड होते. मग स्टेट बँकेला याद्या द्यायला लावल्या. कुणी दिले, कुणाला दिले, सगळं कळलं. आठवडाभर गदारोळ झाला, पुढे जो तो आपल्या कामाला. बरं, खर्चाच्या मर्यादेचं म्हणाल तर लोकसभेच्या उमेदवाराला ९५ लाख. या आकड्यावर आमच्या चौकातला पानवालाही हसतो. नावं कळून पुढे काय, एवढंच सांगा.

कोलंबसकर

गावठाण, खरं सांगायचं तर याचं छापील उत्तर माझ्याकडे नाही. नावं वेळेवर कळली तर रेनकोटताईंनी सांगितलं तसं होतं. मतदानानंतर कळली तर तुम्ही म्हणता तसं. म्हणून मी वेळेवर अडून बसलोय. आणि नियम मोडणाऱ्याला पकडणारं कुणी हवं. इथल्या केंद्रीय निवडणूक आयोगात सहा जण, एका पक्षाचे तीनहून जास्त नाहीत, निर्णयाला चार मतं लागतात. म्हणजे अडून बसायचं ठरवलं की बसता येतं. २०२५ च्या मेमध्ये तर चार सदस्यही उरले नव्हते. कुंपण शेत खातं म्हणतात, इथे कुंपणच लावलेलं नाही.

अण्णांनी एका प्रश्नाला हात लावला नाही. निवडून आल्यावर हे लोक वेळ कुठे घालवतात? २०१३ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाने आपल्या नव्या खासदारांना दिलेल्या नमुना दिनक्रमात रोज चार तास फक्त देणगीदारांना फोन करायला ठेवले होते. सरकारी कार्यालयातून देणग्या मागायला बंदी, म्हणून कॅपिटल या संसद भवनाजवळच्या पक्ष कार्यालयात जाऊन बसायचं. विकत कुणी घेतलं नाही असं धरू. पण रोज चार तास ज्यांच्याशी बोलता, त्यांचेच प्रश्न तुम्हाला देशाचे प्रश्न वाटणार ना?

ऑस्टिनचे अण्णा

चार तासांचं पटलं. त्यावर माझा उपाय असा की देणगीची वरची मर्यादाच काढा, चार फोनांत काम होईल. मारायला येऊ नका.

अवांतर: माझा भाचा डॅलसला आहे, एच-१बीवर. त्याच्या ऑफिसातली पोरं एका काँग्रेस उमेदवारासाठी पन्नास-पन्नास डॉलर गोळा करतायत. त्याने द्यावे का?

हिशेबनीस

अजिबात नाही. ग्रीन कार्डवाला देऊ शकतो, एच-१बीवाला नाही. गावच्या निवडणुकीतसुद्धा नाही. मित्राच्या नावाने दिले तर आणखी वाईट, तो वेगळा गुन्हा. फुकट स्वयंसेवक म्हणून पाकिटं चिकटवायला गेला तर चालतं. फंडरेझरचं तिकीट हीसुद्धा देणगीच धरतात, तेवढं सांगा.

ऑस्टिनचे अण्णा

तिकीट कालच काढलंय त्याने. थांबा, फोन लावतो.