ट्रकपलीकडचा ब्रेक गाडीला कळेल का?

प्रश्न: काल पावसात ट्रकमागे होतो. त्याच्या पुढच्या गाडीने करकचून ब्रेक मारला. मला दिसले ते ट्रकचे लाल दिवे, तेही अगदी शेवटी. अजून छातीत धडधडतंय. गाडीत रडार, कॅमेरा दोन्ही आहेत. मग व्ही-टू-एक्स (गाडीने इतर गाड्यांशी आणि आसपासच्या यंत्रणांशी रेडिओवरून बोलणं) वेगळं काय करतं?

उत्तर: कॅमेऱ्याला ट्रकपलीकडचं दिसत नाही. व्ही-टू-एक्समध्ये प्रत्येक गाडी आपली जागा, वेग, ब्रेक साधारण सेकंदाला 10 वेळा रेडिओवरून सांगते, 5.9 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात. थेट गाडी ते गाडी, मोबाइलचं नेटवर्क नसलं तरी.

दुसरं उत्तर: पण पुढच्या गाडीतही ते हवं ना! 2019 च्या फोक्सवॅगन गोल्फमध्ये आलं, तरी आजूबाजूला बोलणारं कुणी नसेल तर काय ऐकणार?

प्रश्नकर्ता: आणि माझा माग काढला तर?

उत्तर: संदेशात नंबरप्लेट नसते. संदेश खरा असल्याची खात्री देणारं डिजिटल प्रमाणपत्रही अधूनमधून बदलतं.