जुनी बुलेट ३५०: जड रोटरनं हादरे वाढतात का?

बीडकर: कास्ट आयर्न (जुन्या बिडाच्या इंजिनच्या) बुलेटला मूळच्यापेक्षा जड अल्टरनेटर रोटर (वीज बनवणाऱ्या अल्टरनेटरचा फिरणारा चुंबकी भाग) मिळतोय. बसवावा का?

जालन्याचा फिटर: नुसत्या वजनानं हादरे वाढतील ही भीती नको. व्यास लहान, इंजिनातल्या जड फ्लायव्हील चाकापुढं त्याचं जडत्व किरकोळ. पण रोटर बेअरिंगच्या बाहेर, क्रँकच्या (इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) टोकाला लटकतो. एकीकडं जड असला किंवा डुगडुगला, तर बेअरिंगवर ताण येतो.

लातूर_३५०: रोटरभोवतीच्या स्थिर कॉइलशी, म्हणजे स्टेटरशी, चहूबाजूंनी ०.२० मिमी फट हवी. फट मोजायची पातळ पट्टी (फिलर गेज) पितळी घ्या, लोखंडी चुंबकाला चिकटतं. गेज कुठं अडकलं तर स्टेटरचे नट ढिले करून मध्यावर आणा. रोटर क्रँकवर पक्का धरणारी खाचेतली चावी (धातूचा छोटा तुकडा) सैल असेल तर नवीच टाका, पंच मारून भागवू नका.

जालन्याचा फिटर: रोटरचं आतलं लोखंडी बुश सुटलंय का तेही बघा. ते सुटलं तर ठोका थेट बिग एंड (कनेक्टिंग रॉडचं क्रँककडचं बेअरिंग) गेल्यासारखा येतो, अन् लोक उगाच इंजिन खोलतात!