अन्वीला दूध कुठलं? (सोसायटीच्या ग्रुपवरून)

केतकी, बी-४०२: सगळ्या आयांना आणि आज्यांना विचारतेय. अन्वीला रविवारी वर्ष झालं. आतापर्यंत सकाळ-रात्र माझं दूध आणि मी ऑफिसला गेले की डब्यातल्या पावडरचं. डबा संपत आलाय. आता गाईचं सुरू करू, म्हशीचं, की एक वर्षावरच्या मुलांचा वेगळा डबा मिळतो तो आणू? घरात माणसं तीन आणि मतं चार झालीत.

मुळे काकू, ए-१०१: गाईचंच दे गं. म्हशीचं जड पडतं. आणि निम्मं पाणी घाल, आमच्याकडे तसंच द्यायचे. म्हशीच्या दुधानं मूल सुस्त होतं.

पाटील काका, सी-१०२: काकू, आम्ही कोल्हापूरची माणसं. गंगावेशीत कट्ट्यावर म्हैस समोर पिळून ग्लास हातात. तेच पिऊन वाढलो. मी सुस्त वाटतो का?

मुळे काकू, ए-१०१: दुपारी दोन ते चार वाटता.

जोशी काका (सचिव): उद्या सकाळी १० ते १२ टाकी साफ करणार आहेत. पाणी भरून ठेवावे.

रोहन, सी-२०४: केतकी, ए-टू दूध घे. देशी गाईचं. आम्ही काचेच्या बाटलीतलं मागवतो. महाग आहे, पण मुलांच्या बाबतीत तडजोड नको.

शलाका, बी-६०३: रोहन, परवडत असेल तर घे बाबा, वाईट काहीच नाही. ए-वन, ए-टू हे दुधातल्या एका प्रोटीनचे दोन प्रकार. पण साध्या गाईच्या दुधापेक्षा ए-टू बाळाला जास्त चांगलं, असं म्हणण्याइतका पुरावा नाहीये. ऑगस्ट २०२४ मध्ये एफएसएसएआयनं, म्हणजे सरकारच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं, पाकिटावरचे ए-वन, ए-टू दावे काढा म्हणून सांगितलं आणि काही दिवसांतच तो आदेश मागे घेतला. त्यांचंच ठरत नाहीये. आणि गंमत म्हणजे म्हशीचं दूध बहुतेक ए-टूच असतं.

पाटील काका, सी-१०२: ऐका! म्हणजे आम्ही जन्मापासून ए-टू. जास्तीचे पैसे न देता.

शलाका, बी-६०३: हो, पण काका, धारोष्ण अन्वीला नको हं. कच्च्या दुधातून टीबी, ब्रुसेला असलं काहीही येऊ शकतं. गोठ्यातलं असेल तर नीट उकळूनच.

केतकी, बी-४०२: म्हणजे म्हशीचं चालेल? घरी चहाला तेच येतं.

शलाका, बी-६०३: पचत असेल तर चालेल. म्हशीच्या दुधात फॅट ६-७ टक्के, गाईच्या साधारण साडेतीन. काही मुलांना म्हशीच्या दुधानं शी घट्ट होते, मग गाईचं. दोन वर्षांपर्यंत मुलांना फॅट लागतं, मेंदू वाढत असतो, म्हणून डबल टोन्ड नको. त्यात दीडच टक्का असतं. टोन्डमध्ये ३, फुल क्रीममध्ये ६. पिशवीच्या रंगावर जाऊ नकोस, प्रत्येक डेअरीचा निळा वेगळा. बारीक अक्षरात लिहिलेलं असतं ते वाच. आणि मुळे काकू, रागावू नका, पण पाणी नको. पोट तेवढंच भरतं आणि दूध जातं निम्मं.

जोशी काका (सचिव): टोन्ड हे मूळ आपल्या मुंबईचं बरं का. दारा खुरोडींनी १९४६ साली काढलं. म्हशीच्या दाट दुधात पाणी आणि साय काढलेल्या दुधाची पावडर घालून, म्हणजे तेवढ्याच दुधात जास्त घरं भागतील. आरेच्या केंद्रावर पहाटे काचेच्या बाटल्या घेऊन रांगेत उभा राहिलोय मी. असो. टाकीचं लक्षात ठेवा.

सायली, ए-५०२: बदामाचं दूध दिलं तर? माझी नणंद देते.

शलाका, बी-६०३: त्यात प्रोटीन फारच कमी. दुधाच्या जागी नाही चालत. दुधाची ॲलर्जी निघाली तर डॉक्टर सांगतील तेच.

केतकी, बी-४०२: आणि तो डबा?

शलाका, बी-६०३: गरज नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ मध्ये सांगितलंय, एक ते दोन वर्षांच्या मुलांना असलं वेगळं दूध द्यायला नको, घरचं जेवण आणि साधं दूध पुरतं. दोन वर्षांखालच्या मुलांच्या डब्याची जाहिरात करायलाही आपल्याकडे कायद्यानं बंदी आहे, तरी मोबाइलवर कुणीतरी ताई डबा हातात धरून हसत असतेच. तुझं दूध येतंय तोवर पाज, दोन वर्षांपर्यंत आणि पुढेही.

शलाका, बी-६०३: पण खरं सांगू का, कुठलं यावर आपण तासभर बोलतोय. किती, हे कुणीच विचारलं नाही. मीही विचारलं नव्हतं. आमचा अद्वैत वर्षाचा झाल्यावर दुधावर तुटून पडला. सकाळी बाटली, दुपारी बाटली, झोपताना, रात्री उठला की परत. वरण-भाताचा घास पुढे केला की तोंड फिरवायचा आणि मी म्हणायचे, असू दे, दूध तर पितोय ना. दीड वर्षाचा असताना कपाटामागे बसून भिंतीचा पोपडा नखानं खरवडून खाताना सापडला. ओठ पांढरे. डॉक्टरांनी खालची पापणी ओढून बघितली आणि आधी विचारलं, दूध किती? हिमोग्लोबिन ७.८ निघालं, खूपच कमी. घरी येऊन मोजलं तर दिवसाला लिटरच्या वर.

मुळे काकू, ए-१०१: अगं बाई! दुधानं?

शलाका, बी-६०३: दुधात लोह जवळजवळ नसतंच काकू. वर त्यातलं कॅल्शियम जेवणातलं लोहही नीट शोषू देत नाही. आणि पोट दुधानं टम्म, मग जेवणार कोण? आमच्या डॉक्टरांनी दिवसाला ४०० ते ५०० मिली ठरवून दिलं, दही-ताकही त्यातच धरायचं. जेवण आधी, दूध नंतर. तीन महिने आयर्नचं औषध चाललं. भिंतीचा पोपडा आम्ही अजून रंगवलेला नाही, मला आठवण राहावी म्हणून.

सायली, ए-५०२: अंगणवाडीतून आयर्नचं सिरप मिळतं ना? आमच्या कामाच्या मावशींच्या नातवाला आशाताई देऊन जातात. आठवड्यातून दोनदा १ मिली.

शलाका, बी-६०३: हो, सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत. केतकी, तुझ्या डॉक्टरांना विचार.

डॉ. नेहा, सी-३०१: मी दातांची डॉक्टर, म्हणून इतका वेळ गप्प होते. रात्री बाटली तोंडात ठेवून झोपवू नकोस. समोरचे चार दात किडलेली दोन-दोन वर्षांची मुलं माझ्याकडे येतात. आता पेल्यानं पाजायला लाग. साखर नको, चॉकलेटची पावडर तर नकोच.

मुळे काकू, ए-१०१: पाण्याचं माझं चुकलं गं. पण मऊ भातावर मेतकूट आणि तूप घाल, बघ कशी खाते. त्यात कुणाचं काही म्हणणं आहे का?

डॉ. नेहा, सी-३०१: काहीच नाही. दोन वाट्या इकडेही पाठवा.

केतकी, बी-४०२: आत्ता आजींनी दिवसभरात किती पाजलं ते विचारलं. "पोटभर" म्हणाल्या. बाटल्या मोजल्या तर ८५०, माझं वेगळंच. उद्यापासून मोजून. गाईचं सांगितलंय दूधवाल्याला, अर्धा लिटर.

केतकी, बी-४०२: पेल्यानं देऊन बघितलं. अर्धं माझ्या ड्रेसवर, पाव फरशीवर, उरलेलं तिच्या पोटात. शलाका, ५०० मध्ये फरशीवरचं धरायचं का?