शब्दचर्चा: ‘पाद्री’ की ‘पाळक’?

प्रश्न: रेव्हरंड हेन्री डंकन (१७७४–१८४६) यांच्यावर टिपण लिहितोय. स्कॉटलंडात डम्फ्रीजजवळच्या रथवेल गावी ते १७९९पासून चर्चचे ‘मिनिस्टर’ होते. ‘मंत्री’ लिहिलं तर हसं होईल आणि ‘पाद्री’ खटकतं. काय लिहू?

उत्तर: ‘पाळक’. मराठी प्रॉटेस्टंट घरांत हाच शब्द चालतो. ‘पाद्री’ पोर्तुगीजांकडून आला, आणि आपल्या कानाला तो धर्मप्रसाराला आलेला परका माणूस वाटतो. डंकन तर घरचेच. वडीलही शेजारच्या भागात पाळक होते. ‘रेव्हरंड’ तसंच ठेवा, रेव्हरंड टिळकांमुळे ते सगळ्यांना ठाऊक आहे.

प्रश्न: आणि १८१०मध्ये त्यांनी काढलेली ‘सेव्हिंग्ज बँक’? पतपेढी म्हणू?

उत्तर: नको. पतपेढी म्हटलं की आधी कर्ज डोळ्यासमोर येतं. इथे मजुरांच्या शिलकीचा प्रश्न होता. मोठ्या बँका दहा पौंडांखाली दारात उभं करत नसत, रथवेलला सहा पेन्स पुरत. ‘बचत बँक’ सरळ आहे. डंकन तरुणपणी लिव्हरपूलच्या बँकेत नोकरीला होते, हेही सांगा. नाहीतर चर्चमधल्या माणसाला हे कसं सुचलं, असं वाचक विचारणारच.

आणखी एक: कॉर्नकॉकल मुइरच्या खाणीतल्या लाल वालुकाश्मावर त्यांना प्राण्यांची पावलं सापडली. १८२८मध्ये एडिंबरोच्या रॉयल सोसायटीपुढे त्यांनी ते मांडलं. नुसतं ‘जीवाश्म’ लिहिलंत तर लोक हाडं समजतील. ‘दगडातले पाऊलठसे’ म्हणा. ऑक्सफर्डच्या बकलंड या भूवैज्ञानिकाने ताडून पाहायला मळलेल्या पिठावर कासवं चालवली होती. हे गाळू नका!

प्रश्न: ऋतूंवरच्या त्यांच्या चार खंडांसाठी ‘निसर्ग’ की ‘सृष्टी’?

उत्तर: ‘सृष्टी’. त्यात निर्माण करणारा गृहीतच आहे, आणि डंकन नेमकं तेच सांगत होते: हिवाळ्याची थंडी, बियांचं रुजणं, सगळ्यामागे योजना आहे. ‘निसर्ग’ त्या बाबतीत तटस्थ.

प्रश्न: शेवटचं. १८४३चं ‘डिसरप्शन’?

उत्तर: ‘फूट’. जमीनदारांनी पाळक नेमायचे, की मंडळीने पसंत करायचे, यावरून चर्च फुटलं. ‘बंड’ म्हटलं तर शस्त्रं आठवतात. डंकन सत्तरीला टेकले होते. रथवेलचं चर्च, वेतन, पाळकाचं घर सोडून ते नव्या फ्री चर्चमध्ये गेले.